कुरिअरनं आलेली जातिवंत कोंबडीची अंडी नागपुरात कशी उबवायची

सगळ्यात आधी कॅलेंडर बघा, मशीन मंग. बरेच जण आधी इन्क्युबेटर (अंडी उबवायची मशीन) घेतात, मंग कडकनाथ नाहीतर असीलची अंडी शोधत बसतात, तोवर एप्रिल लागतो, आणि एप्रिल-मे मध्ये नागपुरात बाहेरगावाहून उबवायची अंडी मागवायचीच नाही असं माझं पक्कं मत आहे. पारा ४५ च्या वर जाते तेव्हा बंद गाडीत पेटीच्या आत काय होत असेल याचा विचार करा. आपल्याकडचा चांगला काळ म्हणजे दिवाळीनंतर थंडी पडली की फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. त्यातही जानेवारी संपायच्या आत अंडी मशीनमध्ये गेली तर उत्तम, कारण २१ दिवस उबवणीचे आणि पुढं पिल्लांना पिसं फुटायला पाच-सहा आठवडे, म्हणजे ऊन तापायच्या आत पिल्लं सावरलेली असतात.

आता हे असं का ते सांगतो. फर्टाइल, म्हणजे कोंबड्याच्या संगानं फळलेलं अंडं कोंबडीनं घातलं तेव्हाच त्यात जीव सुरू झालेला असतो, थंड जागी तो फक्त थांबून राहतो. साधारण २० अंशाच्या खाली तो झोपलेला राहतो, त्याच्या बराच वर पारा गेला की हळूहळू जागा व्हायला लागतो. ३५-३८ अंशाच्या पार्सलमध्ये तो अर्धवट वाढतो, रात्री गाडी थंड झाली की थांबतो, सकाळी परत वाढतो, आणि दोन दिवसांच्या या खेळात बिचारा मरून जातो. तुमच्या हातात येते ते अंडं दिसायला एकदम ताजं, पण आतमध्ये काही उरलेलं नसते. मंग आपण मशीनला दोष देतो, विकणाऱ्याला दोष देतो. उष्णता आणि धक्के, या दोन गोष्टी सांभाळल्या तर बाकीचं काम फार अवघड नाही.

कोणती जात घ्यायची हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न, पण जातिवंत म्हणजे काय हे नीट समजून घ्या. कडकनाथ मूळची मध्य प्रदेशातल्या झाबुआकडची, २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला जीआय टॅग (त्या भागाची खास ओळख सांगणारी सरकारी नोंद) पण मिळाला. असील आंध्र आणि छत्तीसगडकडची, झुंजीसाठी प्रसिद्ध होती, अंडी कमी देते पण पिल्लं सांभाळायला जबरदस्त. आपल्या महाराष्ट्राच्या नंदुरबार-धुळे पट्ट्यातली बुसरा पण नोंद झालेली देशी जात आहे, तिच्याकडे लोकांचं लक्षच नाही याचं वाईट वाटते. गिरिराज आणि वनराज या मात्र संकरातून तयार केलेल्या कोंबड्या आहेत, परसात पाळायला चांगल्या, पण त्यांच्या अंड्यातून निघालेली पिल्लं आई-बापासारखी एकसारखी निघत नाहीत. जात टिकवायची असेल तर ती अंडी घेऊ नका.

आणि कडकनाथचं अंडं काळं नसते राजेहो! क्रीम, फिकट तपकिरी, किंचित गुलाबीसर असं असते, आकारानं लहान. कोणी काळ्या टरफलाचा फोटो दाखवून जास्त पैसे मागत असेल तर तिथंच थांबा. काळेपणा असतो तो कातडीत, तुऱ्यात, जिभेत, मांसात, हाडात. म्हणून विकणाऱ्याकडून अंड्याचा फोटो घेऊन काही कळत नाही, त्याच्या कळपाचा व्हिडिओ मागा, कोंबडा-कोंबड्या दोन्ही दिसल्या पाहिजेत, तोंड उघडून जीभ दाखवा म्हणा, आणि त्या खुराड्यात दुसऱ्या जातीचा कोंबडा फिरत नाही ना ते बघा. एका कोंबड्यामागं ८-१० कोंबड्या असल्या तर फर्टिलिटी चांगली राहते, वीस-पंचवीस कोंबड्यांत एक कोंबडा दिसला तर सोडून द्या.

त्याला आणखी दोन-तीन गोष्टी विचारायच्याच. अंडी कोणत्या तारखेला गोळा केली? घातल्यापासून मशीनमध्ये जाईपर्यंत एक आठवड्याच्या आत काम झालं पाहिजे, त्यानंतर दर दिवसाला निघण्याचं प्रमाण उतरत जाते, म्हणून प्रवासाचे दिवस धरून हिशोब करा. फ्रिजमध्ये ठेवली होती का? ठेवली असतील तर नको. कळपाची पुलोरम आणि मायकोप्लाझ्माची तपासणी झाली आहे का? हे रोग आईकडून अंड्यातून सरळ पिल्लात येतात, इन्क्युबेटर कितीही स्वच्छ असला तरी. लहान पाळणारे बहुतेक जण तपासणी करत नाहीत हे खरं, पण विचारल्यानं समोरच्याला कळते की घेणाऱ्याला समजते. बर्ड फ्लूच्या बातम्या सुरू असतील तर त्या भागातून काहीच मागवू नका, वाहतुकीवर बंदी पण लागते. हा विषय आपल्यापासून दूर नाही, २०२४ च्या डिसेंबरात इथं गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं गेले.

पॅकिंग कसं पाहिजे ते ऑर्डर देतानाच सांगा, नंतर भांडून फायदा नाही. प्रत्येक अंडं वेगळं गुंडाळलेलं, रुंद टोक वर आणि निमुळतं टोक खाली, फोमच्या खाचेत नाहीतर कागदी ट्रेमध्ये घट्ट बसवलेलं, आणि ती पेटी दुसऱ्या मोठ्या पेटीत, मधल्या जागेत लाकडाचा भुसा नाहीतर कागदाचे गोळे. पेटी हातात घेऊन हलवली तर आत काहीच हलायला नको. प्लास्टिकमध्ये हवाबंद करू नका म्हणून सांगा, अंडं टरफलातून श्वास घेते, दोन-चार छिद्रं पेटीला पाहिजेच.

पाठवायचं कशानं? माझा कल रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या पार्सलकडे आहे, इंदूर नाहीतर हैदराबादहून संध्याकाळी निघालेली गाडी सकाळी नागपुरात येते, प्रवास रात्रीचा म्हणजे थंडीत, आणि पेटी दोनच हातांतून जाते. कुरिअरमध्ये ती चार ठिकाणी उतरते, चढते, पट्ट्यावरून घसरते. कुरिअरच असेल तर घरपोच मागवू नका, त्यांच्या ऑफिसमधून स्वतः जाऊन उचला, कारण शेवटचे दहा किलोमीटर डिलिव्हरीच्या बाईकवर आपल्या रस्त्यांवरून जातात आणि तिथं जेवढे धक्के बसतात तेवढे आधीच्या पाचशे किलोमीटरमध्ये बसत नाहीत. पेटी आणताना गाडीच्या डिकीत नाही, कोणाच्या तरी मांडीवर ठेवून आणा. वीकेंडला अडकणार नाही अशा बेतानं सोमवारी नाहीतर मंगळवारी पाठवायला सांगा.

पेटी घरी आली. उघडा, पण अंडी धुऊ नका, ओल्या फडक्यानं पुसू पण नका. टरफलावर जो पातळ थर असतो तो जंतूंना अडवतो, धुतला की तो गेला. शेण-माती लागलेली असेल तर कोरड्या स्क्रबरनं हलकेच खरवडा, फारच घाण असेल तर ते अंडं बाजूला काढा, सडलं आणि मशीनमध्ये फुटलं तर बाकी सगळ्यांना घेऊन जाते. थंड पेटीतून काढल्यावर टरफलावर दव आलं तर ते आपोआप सुकू द्या आणि तोवर हात लावू नका.

मंग अंधाऱ्या खोलीत मोबाईलचा टॉर्च लावून एक एक बघा, पुठ्ठ्याची नळी करून तोंडाशी धरली की उजेड आजूबाजूला पसरत नाही. बारीक तडा असेल तर उजेडात लगेच रेघ दिसते. मुख्य बघायचं ते रुंद टोकाकडची हवेची पोकळी. चांगल्या अंड्यात ती टोकाला गोल टोपीसारखी घट्ट बसलेली असते. धक्के खाल्लेल्या अंड्यात ती एका बाजूला घसरलेली असते, किंवा अंडं तिरपं केलं की पाण्यातल्या बुडबुड्यासारखी फिरते. पेन्सिलनं तिची कड आखून ठेवा, पेननं नको. फिरणारी पोकळी दिसली म्हणून अंडं फेकू नका, त्यातून पण पिल्लं निघतात, फक्त त्यांना वेगळं वागवावं लागते, ते पुढं येईलच.

यानंतर आराम. अंडी रुंद टोक वर ठेवून कागदी ट्रेमध्ये उभी करायची आणि १२ ते २४ तास अजिबात हलवायची नाहीत. पोकळी घसरलेली असेल तर पूर्ण २४ तास. या वेळात बलक जागेवर येते, पोकळी थोडीफार स्थिर होते, आणि अंडं खोलीच्या तापमानाला येते. थंडीत घरातली एखादी उत्तरेकडची खोली, जमिनीवर, पंखा बंद, पोरंसोरं जात नाहीत अशी जागा, १८ ते २० अंश मिळालं की झालं. अंडी आली आणि तशीच गरम मशीनमध्ये टाकली, असं करणारे खूप आहेत आणि हाच एक दिवस वाचवायच्या नादात निम्मी अंडी हातची जातात.

मशीन मात्र अंडी यायच्या दोन दिवस आधीपासून रिकामी चालू पाहिजे. तिच्या डिस्प्लेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, स्वस्त मशीनमध्ये एखाद अंशाचा फरक सहज असतो आणि उबवणीत एक अंश फार मोठी गोष्ट आहे. ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर अंड्यांच्या उंचीवर ठेवून पडताळा. पंखा असलेल्या मशीनमध्ये ३७.५ ते ३७.७ अंश. पंखा नसलेला घरगुती थर्माकोलचा डबा असेल तर अंड्यांच्या वरच्या पातळीवर ३८.५ ते ३९, कारण तिथं वर गरम आणि खाली थंड असे थर पडतात. हायग्रोमीटर, म्हणजे हवेतला ओलावा मोजायचा मीटर, पण तपासा, सोपं आहे, बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओलं होईल इतकंच पाणी टाका, ते आणि हायग्रोमीटर एका घट्ट झाकणाच्या डब्यात सात-आठ तास ठेवा, त्यानं ७५ टक्के दाखवलं पाहिजे. ७० दाखवत असेल तर तुमच्या मीटरमध्ये पाच मिळवत जा.

मशीन ठेवायची खोली कोणती हे पण महत्त्वाचं. मशीन गरम करू शकते, थंड करू शकत नाही. खोलीच ३८-४० ला गेली तर हिटर बंद होऊनसुद्धा आतली हवा वर चढते, शिवाय अंड्यातली पिल्लं मोठी होत जातात तशी स्वतःची उष्णता सोडतात. थंडी अंडं काही तास सहन करते, जास्तीची उष्णता नाही. म्हणून लाईट गेली तर घाबरू नका, झाकण बंद ठेवा, वरून गोधडी टाका, फक्त हवेची भोकं मोकळी ठेवा, दोन-तीन तासांनी फारसं बिघडत नाही. पण थर्मोस्टॅट अडकून पारा ४० च्या वर काही तास राहिला तर खेळ संपला. इन्व्हर्टरवर मशीन घेता आली तर घ्याच.

आता आर्द्रता, आणि इथं नागपूरचं हवामान पुस्तकी आकड्यांशी जुळत नाही. पहिले १८ दिवस ४५ ते ५० टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० असं सांगतात आणि ते बरोबर आहे, पण ते गाठायचं कसं ते मोसमावर आहे. थंडीत आणि फेब्रुवारीत आपली हवा कोरडी, पाण्याची वाटी रोज बघावी लागते. लक्षात ठेवा, आर्द्रता पाण्याच्या खोलीवर नाही तर पसरटपणावर ठरते, खोल पेल्यापेक्षा पसरट ताटली जास्त काम करते, आणि कमी पडलं तर ताटलीत स्पंजचा तुकडा उभा करा. पाणी कोमट टाका, गार नको. जुलै ते सप्टेंबरात उबवत असाल तर उलटं, हवेतच इतका ओलावा असतो की वाटी ठेवायची गरजच पडत नाही, तेव्हा पाणी टाकत राहिलात तर अंड्यातलं पाणी उडत नाही, पोकळी लहान राहते आणि पिल्लू शेवटच्या दिवशी आतच गुदमरते.

यावर पक्की खूण म्हणजे वजन. सोनं मोजतात तसला छोटा डिजिटल काटा ऑनलाईन स्वस्तात मिळते, त्यावर पहिल्या दिवशी प्रत्येक अंड्याचं वजन पेन्सिलनं टरफलावर लिहा. १८ व्या दिवसापर्यंत साधारण ११ ते १३ टक्के घटलं पाहिजे, म्हणजे ४५ ग्रॅमचं अंडं ३९-४० ग्रॅमवर यायला पाहिजे. सातव्या दिवशीच अंदाज येतो, तोवर ४ ते ५ टक्के उतरलं असेल तर बरोबर चाललं आहे, जास्त उतरलं तर पाणी वाढवा, कमी उतरलं तर पाणी काढा. हायग्रोमीटर चुकू शकते, काटा सहसा चुकत नाही.

अंडी फिरवणं. घरच्या ताज्या अंड्यांना पहिल्या दिवसापासून फिरवतात, दिवसातून किमान तीनदा, ऑटोमॅटिक असेल तर दर एक-दोन तासांनी. प्रवास करून आलेल्यांना, खास करून ज्यांची पोकळी हलते त्यांना, पहिले दोन-तीन दिवस फिरवायचंच नाही. आणि मशीनमधल्या अंडी फिरवणाऱ्या रोलरवर आडवं ठेवायचं नाही. कागदी ट्रेचे खण बुडाशी भोक पाडून घ्या म्हणजे हवा खेळते, त्यात रुंद टोक वर ठेवून उभी करा, आणि चौथ्या दिवसापासून पूर्ण ट्रेच एका बाजूला तिरपी करा, खाली लाकडाचा ठोकळा ठेवून, काही तासांनी ठोकळा दुसऱ्या बाजूला. अंडी गरगर फिरवायची नाही, फक्त डावीकडे-उजवीकडे झुकवायची, ४५ अंशाच्या आसपास. इतकं केलं तर घसरलेली पोकळी पण बरीचशी टिकून राहते. थोडा व्याप आहे पण एवढ्या लांबून एवढे पैसे देऊन आणली आहेत तर करा.

सातव्या दिवशी टॉर्च लावा. जिवंत अंड्यात एक काळा ठिपका आणि त्यातून निघालेल्या लाल शिरा दिसतात, नीट बघितलं तर ठिपका हलते. रक्ताचं नुसतं कडं दिसलं म्हणजे सुरू होऊन मेलं. एकदम स्वच्छ पिवळा उजेड दिसला म्हणजे एकतर फर्टाइलच नव्हतं किंवा अगदी सुरुवातीला गेलं. इथं विकणाऱ्याशी भांडायच्या आधी ते अंडं ताटलीत फोडून बघा. बलकावर बारीक, घट्ट, वेडावाकडा पांढरा ठिपका असेल तर फर्टाइल नव्हतं, ती त्याची जबाबदारी. पसरट गोल कडं दिसलं तर फर्टाइल होतं आणि वाटेत नाहीतर मशीनमध्ये मेलं, मंग त्याला बोल लावणं बरोबर नाही. चांगल्या जाती जपणारे लोक आपल्याकडे आधीच कमी आहेत, त्यांच्याशी संबंध टिकवून ठेवणं आपल्याच हिताचं आहे. बाहेरून आलेल्या अंड्यांतून निम्मी पिल्लं निघाली तरी मी त्याला चांगली बॅच म्हणतो, म्हणून मागवतानाच हव्या त्याच्या दुप्पट मागवा.

चौदाव्या दिवशी परत एकदा बघा, शिरा गायब आणि आत नुसतं ढवळलेलं पाणी दिसलं, वास आला, तर ते काढून टाका. एकदम हलक्या हातानं, मशीनच्या बाहेर नेऊन.

अठराव्या दिवशी फिरवणं बंद, आर्द्रता ६५ ते ७०, हवेची भोकं पूर्ण उघडी, आणि झाकण बंद म्हणजे बंद. ज्यांची पोकळी घसरलेली आहे ती उभीच ठेवा, कागदी खणात. आतून चिवचिव येते, मंग टरफलाला पहिली चीर पडते आणि तिथून पिल्लू पूर्ण बाहेर यायला १२ ते २४ तास लागतात. या वेळात काहीच घडत नाही असं वाटते पण आत ते उरलेलं बलक पोटात ओढून घेत असते, रक्त मागं घेत असते. चीर पडली म्हणून झाकण उघडलं तर ओलावा एका क्षणात जाते, आतला पापुद्रा सुकून पिल्लाला घट्ट चिकटते आणि ते वळूच शकत नाही. टरफल सोलून मदत करायचा मोह आवरा, घाईत सोललं की रक्त येते. चीर पडून चोवीस तासांवर झाले, पापुद्रा पिवळट कोरडा झाला आणि पिल्लू ओरडते पण सरकत नाही, तेव्हाच, कोमट पाण्याच्या कापसानं पापुद्रा ओला करून थोडीशी वाट मोकळी करून द्या.

एक निघालं दुसरं निघालं नाही म्हणून पण झाकण उघडू नका, पोटातल्या बलकावर पिल्लू दोन दिवस आरामात काढते. प्रवासाच्या अंड्यांना उशीर होते, २२ वा, २३ वा दिवस पण लागते, तोपर्यंत मशीन चालू ठेवा.

ज्यांच्याकडे खुडूक गावठी कोंबडी आहे त्यांनी हे सगळं वाचून पण कोंबडीलाच पसंती द्यावी असं मला वाटते. टोपल्यात कुटार नाहीतर तणस, खाली थोडी राख म्हणजे उवा-गोचीड कमी राहतात, आराम झालेली १० ते १२ लहान अंडी रात्री अंधारात तिच्याखाली सरकवा. तिच्या अंगाची ऊब, ओलावा, अंडी हळू सरकवणं, कोणतीच मशीन तिची बरोबरी करत नाही आणि लाईट जायचा प्रश्न नाही. फक्त ती खरंच बसली आहे ना हे आधी दोन-तीन दिवस घरच्या अंड्यांवर बघून घ्या.

मशीनमधली पिल्लं वाळून फुलली की ब्रूडरमध्ये, म्हणजे बल्बची ऊब दिलेल्या जागेत. पहिला आठवडा ३३ ते ३५ अंश, मंग दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री आपल्याकडे पारा १० च्या आसपास येते, बल्ब एकच असेल आणि तो रात्रीतून उडाला तर सकाळी काही उरत नाही, दोन बल्ब लावा. पिल्लं बल्बखाली गोळा झाली म्हणजे थंडी, कडेला पसरून तोंड उघडं ठेवलं म्हणजे गरम, सगळीकडे फिरत आहेत म्हणजे बरोबर. खाली तूस, भंडारा-गोंदियाकडच्या राईस मिलमुळे आपल्याला सहज मिळते, पण पहिले दोन-तीन दिवस त्यावर गोणपाट टाका नाहीतर पिल्लं तूस खातात. नुसता गुळगुळीत पेपर नको, पाय फाकतात आणि मंग तसेच राहतात. आधी पाणी पाजा, थोडा गूळ टाकून, प्रत्येकाची चोच एकदा बुडवून, भांड्यात गोटे टाका म्हणजे बुडत नाहीत. दोन-तीन तासांनी मक्याचा बारीक भरडा, मंग चिक स्टार्टर (लहान पिल्लांचं तयार खाद्य). पाचव्या ते सातव्या दिवशी राणीखेतची लासोटा लस, दुसऱ्या आठवड्यात गंबोरोची लस, हे जवळच्या पशुवैद्यकाला विचारून. पिल्लं पटापट मरायला लागली तर अंदाजानं औषधं देऊ नका, ताजं मेलेलं पिल्लू पिशवीत बंद करून सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यक महाविद्यालयात दाखवा.

ही पिल्लं घरच्या जुन्या कोंबड्यांत किमान महिनाभर मिसळू नका. आणि पायात प्लास्टिकचे रंगीत कडे घालून ठेवा, कोणतं कोणत्या पार्सलचं ते कळलं पाहिजे, कारण पुढं कोंबडा ठेवायची वेळ येईल तेव्हा या बॅचच्या कोंबड्यांना दुसऱ्याच ठिकाणाहून आणलेला त्याच जातीचा कोंबडा द्यायचा आहे, सख्ख्या भावंडांत जोडी लावत गेलं की दोन-तीन पिढ्यांत अंड्यांची फर्टिलिटी कमी होते.